पाठीची उंची

मराठीत 'बूथ' म्हटलं की आधी मतदान आठवतं, मग दूध, मग एसटीडी. हॉटेलातला बूथ आठवत नाही, कारण हॉटेलात त्याला बूथ म्हणतच नाहीत. वेटर म्हणतो, "सोफ्यावर बसा." सुतार 'बाक' म्हणतो. जुन्या पिढीतली माणसं 'केबिन' म्हणतात. आणि पाटीवर लिहिलेलं असतं 'फॅमिली रूम'. समोरासमोर दोन पक्की बाकं, मधे पक्कं टेबल आणि दोन्ही बाकांना उंच पाठ, एवढीच ही वस्तू. तिला इतकी नावं पडली, कारण तिचा उपयोग बसण्यापेक्षा वेगळ्याच कामासाठी होत आला आहे. तिथं कोण बसलंय हे बाकीच्यांना दिसावं की दिसू नये, हे ती ठरवते.

फर्निचरवर टीकालेख लिहायचा म्हणजे थोडी आगाऊपणाची गोष्ट आहे, हे मान्य. पण इमारतीचं रसग्रहण करतात, नेपथ्याचं करतात, मग बाकड्याचं का नको? शिवाय या बाकड्याशी माझं जुनं देणंघेणं आहे. ते पुढे येईल.

१

आधी मापं. बूथची बैठक जमिनीपासून साधारण 18 इंच असते, टेबल 30 इंच. चार माणसांच्या टेबलाची लांबी 48 इंच, म्हणजे माणशी 24 इंच. ही मापं जगभर थोड्याफार फरकानं सारखीच आहेत. बदलते ती पाठ. ती 36, 42 किंवा 48 इंचांची करतात, क्वचित त्याहून उंच.

आता बसलेल्या माणसाचे डोळे बैठकीपासून साधारण 27 ते 31 इंचांवर येतात. फोम एखादा इंच दबतो. म्हणजे जमिनीपासून डोळ्यांची उंची 44 ते 48 इंच. पाठ 36 ची असेल तर ती खांद्याच्याही खाली राहते. सगळं हॉटेल तुम्हाला दिसतं आणि तुम्ही सगळ्या हॉटेलला. 42 ला हनुवटी झाकते, नजर मोकळी राहते. 48 ला नजर संपते. पलीकडच्याचा आवाज येतो, माणूस नाही. 42 आणि 48 यांच्यातल्या सहा इंचांतच या लेखाचा सगळा विषय आहे.

प्रकार म्हणाल तर मोजकेच. भिंतीला लावलेला एकेरी बाक. पाठीला पाठ लावून दोन्हीकडे बैठक असलेला दुहेरी. कोपऱ्यात बसवलेला अर्धगोल. आणि भिंतीच्या कडेनं सलग गेलेला लांब बाक, ज्याच्यासमोर सुट्या खुर्च्या मांडतात. या शेवटच्या प्रकारात उघड पंक्तिभेद आहे. बाकावरच्याला मऊ पाठ आणि सगळं हॉटेल बघायला मिळतं, खुर्चीवरच्याला समोरची भिंत. युरोपात बाकाची बाजू बाईला द्यायचा संकेत आहे. आपल्याकडे ती वडीलधाऱ्यांना जाते. अर्धगोलात मधे बसलेला माणूस एक तर यजमान असतो नाही तर कैदी, कारण दोघांना उठवल्याशिवाय त्याला हलता येत नाही. साध्या बूथमध्येही "आत कोण सरकतंय?" हा प्रश्न असतोच. आत लहान मूल जातं आणि कडेला सून बसते, कारण उठायची वेळ आली तर तिलाच उठायचं असतं. हे कुणी ठरवलेलं नाही. कुठल्याही रविवारी रात्री कुठल्याही हॉटेलात जाऊन पाहावं.

मालकाला बूथ आवडतो, कारण भिंती आणि कोपरे वापरात येतात आणि खुर्ची मागे सरकवायला लागणारी जागा वाचते. आवडत नाही, कारण दोन माणसं चौघांचा बूथ अडवून बसतात आणि बाजूला आणखी टेबल जोडता येत नाही. सफाई करणाऱ्याला तो मुळीच आवडत नाही. बैठक आणि पाठ यांच्यातल्या फटीत काय काय जातं ते त्यालाच ठाऊक. आणि आपल्या उन्हाळ्यात रेग्झिन! घामेजलेल्या पाठीनं त्यावरून उठताना जो आवाज होतो, त्याचं वर्णन न केलेलं बरं.

पाठ आणि टेबलाची कड यांत साधारण 16 ते 18 इंच जागा असते. टेबल जमिनीला ठोकलेलं असलं तर ती एक इंचही वाढत नाही. खुर्ची माणसाला विचारते, तुला किती जागा हवी? बूथ विचारत नाही. गरोदर बाई, जाड माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, चाकाची खुर्ची वापरणारा, या सगळ्यांना बूथनं आधीच नकार दिलेला असतो. हा दोष मोठा आहे आणि मऊ गादीखाली तो सहज झाकला जातो.

२

या आडोशाची सुरुवात बायकांसाठी झाली असेल असं आपल्याला वाटतं. लंडनमध्ये तरी ती पुरुषांच्या धंद्यासाठी झाली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या तिथल्या कॉफीगृहांत आणि खाणावळींत उंच लाकडी पाठींचे कप्पे असत. त्यांना 'बॉक्स' म्हणत. चर्चमध्ये प्रतिष्ठित घराण्यांसाठी दार लावलेली बाकं असत, तशीच ही दिसत. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात 1688 च्या सुमारास जहाजांचे मालक, कप्तान आणि विम्याचे व्यवहार करणारे जमत. त्यातून लंडनचा जगप्रसिद्ध विमाबाजार उभा राहिला. रिचर्ड रॉजर्सनं 1986 साली त्या संस्थेसाठी पोलाद आणि काचेची इमारत बांधली, पण आतल्या विमेवाल्यांच्या बसायच्या जागेला आजही 'बॉक्स' म्हणतात आणि तिथल्या शिपायांना 'वेटर'. कॉफी गेली, बाकडं राहिलं. तिथं उंच पाठीचा अर्थ साधा होता. माझा भाव शेजारच्याला कळू नये.

बेलफास्टच्या 'क्राउन' या मद्यगृहात याच कल्पनेचं टोक दिसतं. तिथं कोरीव लाकडाचे दहा कप्पे आहेत, प्रत्येकाला दार, आत काडी ओढायला धातूच्या पट्ट्या आणि वेटरला बोलवायला घंटी. ही जागा 1978 पासून ब्रिटनच्या वारसा-संस्थेच्या ताब्यात आहे. घंटी आली की बूथचा स्वभाव पालटतो. वेटरनंही आपणहून आत यायचं नाही, असा तो इशारा असतो.

अमेरिकेत रस्त्याकडेच्या डायनरमध्ये आधी नुसता काउंटर आणि उंच स्टुलं होती. गिऱ्हाईक पुरुष, बहुतेक कामगार. 1920 च्या दशकात मालकांना बायका गिऱ्हाईक म्हणून हव्याशा वाटल्या. त्यांनी पाट्या लावल्या, 'स्त्रियांचं स्वागत', आणि बूथ बसवले. स्टुलावर चढून अनोळखी पुरुषाशेजारी कोपर टेकवणं बायकांना अवघड जाईल, असा हिशेब होता. आडोसा इथं पहिल्यांदा आमंत्रण म्हणून आला.

पण त्याच देशात, त्याच्या थोडं आधी, चिनी 'चॉप सुई' हॉटेलांतल्या पडदेवाल्या बूथवर काहूर उठलं होतं. तिथं गोऱ्या मुली जातात, पडद्याआड काय चालतं कोण जाणे! न्यूयॉर्कमध्ये 1909 साली एका गोऱ्या तरुणीचा खून झाला, संशय एका चिनी माणसावर आला, आणि संतापाला धार चढली. काही शहरांत बूथचे पडदे आणि दारं काढायला लावली गेली. लंडनच्या व्यापाऱ्यानं पाठीआड काय बोलणी केली हे कुणी विचारलं नव्हतं. चिनी माणसाच्या हॉटेलातला पडदा मात्र शहराच्या अब्रूचा प्रश्न झाला. लाकूड तेच, उंचीही तीच.

३

मुंबईत आधी आली ती खुर्ची. इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. तिचा मूळपुरुष म्हणजे थोनेट कंपनीची 1859 ची 14 क्रमांकाची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात 36 मावत. खुर्ची जहाजातून येऊ शकते. बूथ जागेवरच ठोकावा लागतो. म्हणून बूथमध्ये त्या त्या गावचा सुतार, त्या गावचा मालक आणि त्या गावची भीती दिसते, खुर्चीत दिसत नाही.

इराण्याच्या मुख्य दालनात झाकण्यासारखं काही नव्हतं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर आरसे, दाराजवळ गल्ल्यावर मालक. आरशांमुळे जागा मोठी वाटे आणि मालकाला पाठीमागचंही दिसे. टेबलावर कुणीही कुणाच्या समोर बसे. अनोळखी माणसासमोर बसून बनमस्का खाणं हे या शहरानं आपल्याला दिलेलं मोठं शिक्षण आहे. जातपात विचारून पाणी देणाऱ्या समाजात ते क्षुल्लक नव्हतं. निस्सीम इझिकेल यांना इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांच्या पाटीची इंग्रजी कविता कराविशी वाटली. त्या भिंतीवर नियम लिहावे लागत, कारण बाकी आडकाठी नव्हती.

पण याच हॉटेलांच्या माळ्यावर किंवा मागच्या अंगाला काच आणि लाकडाच्या केबिनी असत. त्या 'फॅमिली'साठी. आणि मराठी हॉटेलांत हा शब्द जो रुळला तो कायमचा. फॅमिली म्हणजे कुटुंब नव्हे. चार भाऊ आणि वडील आले तर ती फॅमिली होत नाही. एक बाई बरोबर आली की होते. 'मिसेस'ला 'फॅमिली' म्हणणाऱ्या भाषेनं हॉटेलातही तोच अर्थ चालवला. कोलकात्यात तर हा कप्पा इतका रुजला की तो हॉटेलच्या नावातच गेला, बसंत केबिन, दिलखुशा केबिन. तिथल्या पडद्याआड बायका बसल्या, तसे प्रेमिकही बसले.

आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडसमोर एक हॉटेल होतं. अण्णा एकटे गेले की गल्ल्याजवळच्या टेबलावर बसायचे, मालकाशी बोलायचे, रस्ता बघायचे. आई आणि आम्ही बरोबर असलो की पोऱ्या लगेच पुढे यायचा, "वहिनी, आत बसा." आत म्हणजे प्लायवूडचे चार कप्पे. सनमायकाचं टेबल, मरून रेग्झिन, कळकट पडदा, भिंतीवर घंटीचं बटण. पंखा मुख्य दालनात. मला लहानपणी ती जागा राजेशाही वाटायची. बटण दाबायला मिळायचं ना! आई पडदा अर्धा सरकवून ठेवायची. पोऱ्या येता-जाता तो पूर्ण ओढायचा, ती पुन्हा सरकवायची. कुणी कुणाला बोलत नसे. मिसळ संपेपर्यंत हे चालायचं.

अण्णांनी एकदा विचारलं, "असू दे की पडदा, काय बिघडलं?" आई म्हणाली, "बाहेर काय चाललंय ते तुम्हाला रोज दिसतं."

पुढे 'व्हाय लॉयटर?' (2011) वाचताना हा संवाद मला आठवला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी त्यात मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराबद्दल लिहिलं आहे. बाई बाहेर दिसली की तिला काहीतरी कारण दाखवावं लागतं, आपण सभ्य आहोत हे सतत सिद्ध करावं लागतं, हे त्यातलं सूत्र. फॅमिली रूम हे त्या सभ्यतेचं तयार प्रमाणपत्र होतं. त्याशिवाय माझी आई कदाचित हॉटेलात आलीच नसती, हेही खरं. अमेरिकन डायनरसारखंच इथंही आडोशानं बाईला उंबरठा ओलांडू दिला. पण डायनरच्या बूथला मोठी खिडकी असायची. आमच्या कप्प्याला भिंत होती.

४

बाकाची पाठ काय करते हे सिनेमावाल्यांना फार लवकर कळलं. समोरासमोर दोन चेहरे, मधे टेबल, मागे सपाट पार्श्वभूमी, म्हणजे संवाद चित्रित करायला आयती चौकट. 'साइनफेल्ड'मधली चार मित्रमंडळी वर्षानुवर्षं एकाच कॉफी शॉपच्या बूथमध्ये बसून बोलत राहिली. पण बूथचा सगळ्यात जाणता वापर मला 'द सोप्रानोज'च्या शेवटच्या भागात (2007) दिसतो. न्यू जर्सीतल्या होल्स्टेन्स या साध्या आइस्क्रीमच्या दुकानात माफिया टोनी कुटुंबाची वाट बघत बसतो. दाराची घंटा वाजली की मान वर करतो. आयुष्यभर ज्यानं पाठ सुरक्षित ठेवली, तो अशा बूथमध्ये बसलाय जिथं काउंटरवरचा कुणीही त्याला बघू शकतो. कारण आज तो 'फॅमिली'बरोबर जेवायला आलाय, आणि दोन्ही अर्थांनी. इंग्रजीतही माफिया टोळीला फॅमिलीच म्हणतात. कप्प्याची पाठ सहा इंचांनी उंच असती तर तो प्रसंग उभाच राहिला नसता. तो बूथ 2024 साली लिलावात 82,600 डॉलरला गेला. बाकड्याला आलेली ही किंमत मला वेडेपणाची वाटत नाही.

याच्या उलट टोक अरुण कोलटकरांचं. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये ते खिडकीशी बसत आणि बाहेरचा तिकोनी चौक बघत. 'काळा घोडा पोएम्स' (2004) मधली माणसं, कुत्री, कचरा, सकाळचा नाश्ता वाटणारी बाई, हे सगळं त्या बसण्याच्या जागेतून आलेलं आहे. पाठ 48 इंचांची असती तर मराठी-इंग्रजी कवितेचं केवढं नुकसान झालं असतं! कवीच्या प्रतिभेला आपण टेबलाचं श्रेय देत नाही, ते ठीकच. पण त्या काळात त्या टेबलाशी एखादी कवयित्री तितकीच वर्षं, तितकीच एकटी बसली असती का, हा प्रश्न टीकेनं विचारायला हवा. तिला कुणीतरी नम्रपणे आत बसायला सांगितलं असतं अशी मला शंका आहे.

५

गेल्या काही वर्षांत जिल्हा आवृत्त्यांत एक बातमी पुनःपुन्हा येते. कॉलेजजवळचा कॅफे, आत प्लायवूडचे कप्पे, पडदे, पोलिसांची कारवाई. कधी पोलिसांच्या आधी एखादी संघटना पोचते आणि फर्निचर फोडते. बातमीत 'अश्लील चाळे' हे शब्द ठरलेले. फोटोत उलटी पडलेली मरून बाकं दिसतात आणि मला आमचं स्टँडसमोरचं हॉटेल आठवतं. तोच प्लाय, तोच पडदा. चाळीस वर्षांपूर्वी पडदा ओढला नाही तर असभ्य वाटायचं. आज ओढला तर गुन्हा.

यात सोपी बाजू घेण्याचा मोह होतो. तो टाळते, कारण अशा कप्प्यांत अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचे गुन्हेही नोंदले गेले आहेत, आणि मुलीला फसवून आणणाऱ्याला बंद कप्पा उपयोगी पडतो हे नाकारण्यात अर्थ नाही. दार लागणारा, बाहेरून काहीच न दिसणारा कप्पा मलाही नको. पण वीस वर्षांचे दोघं तासभर बोलायला जागा शोधतात, तेव्हा त्यांना गावात कुठली जागा असते? घरी नाही, बागेत पहारा, टेकडीवर लूट. कारवाईत पालकांना फोन जातो, आणि त्यानंतर घर बदलतं ते मुलीचं. मुलगा दुसऱ्या दिवशी कॉलेजला येतो. आडोसा काढण्याचा उपाय करणाऱ्यांनी 48 इंचांच्या जागी काहीच ठेवलं नाही. 42 त्यांना सुचलं नाही. नजर मोकळी, बोलणं खासगी, अशी पाठ असते हे एखाद्या परवान्याच्या अटीत लिहिणं अवघड नव्हतं.

६

हा प्रश्न एका वास्तुकारानं पाठीशिवाय सोडवलेला मी पाहिला आहे. तिरुवनंतपुरमच्या स्टेशनजवळ लॉरी बेकरनं इंडियन कॉफी हाउस बांधलं. विटकरी रंगाचा गोल मनोरा. आत मजलेच नाहीत. एक चढत जाणारी वर्तुळाकार वाट आहे. मधल्या गाभ्यात नळ आणि बाकी सोयी, बाहेरच्या भिंतीला विटांची जाळी आणि त्या जाळीच्या कडेनं वर वर जाणारी पक्की बांधलेली टेबलं आणि बाकं. लाकूड नाही, रेग्झिन नाही, फटीत काही अडकत नाही.

चढामुळे शेजारचं टेबल थोडं वर किंवा थोडं खाली येतं. वळणामुळे तीन-चार टेबलांपलीकडचं दिसेनासं होतं. म्हणजे प्रत्येक जोडी आपापली एकटी, पण कुणीही लपलेलं नाही. वेटर सतत वर-खाली येत-जात असतात, म्हणून कुठलीच जागा निर्जन नाही. जाळीतून वारा येतो आणि रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसतो. रस्त्यावरून मात्र आतलं माणूस ओळखू येत नाही. बूथचा दोष इथंही आहे, ठोकलेल्या टेबलात जाड माणसाची अडचण होतेच, आणि चाकाच्या खुर्चीला तो चढ फार आहे. बेकरनं त्याचा विचार केलेला दिसत नाही. तरी बसण्याच्या जागेत खासगीपण आणि उघडेपण इतक्या कमी खर्चात एकत्र आणलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मी गेले तेव्हा एकटीच होते. तुरेदार फेटा घातलेल्या वेटरनं मान हलवली आणि पुढे निघून गेला; कुठं बसायचं ते सांगितलं नाही. मी दीड वळसा चढून गेले आणि जाळीशी बसले. थोड्या वेळानं समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि बिटाचं कटलेट मागवलं. मी पर्समधली टेप काढून बाकाची उंची मोजली तेव्हा त्यांनी एकदा बघितलं, आणि मग खाली रस्त्याकडे बघत राहिल्या.